सव्वादोन तासांची दिल्ली

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक गणित घालते. घाबरू नका, सोपं आहे!

एक गाडी संध्याकाळी पाच वाजता दिल्लीला पोहोचली. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला सुटणार. तर मधे किती वेळ मिळाला?

शाब्बास! पावणेचौदा तास. आता याच गणिताचा दुसरा भाग. या पावणेचौदा तासांत बाहेर जाऊन दिल्ली शहरात जेवून यायचं आहे. बरोबर एक आजी आहे, तिचे गुडघे दुखतात. आणि एक सहावीतली मुलगी आहे, ती रुसलेली आहे. तर जेवायला किती वेळ मिळेल?

आता कसं, पेन्सिल चावायला लागलात ना? थांबा, हे गणित मीच सोडवून दाखवते. कारण ते पुस्तकातलं नाही, माझ्यावरच आलं होतं.

२०२३ च्या डिसेंबरातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. तेव्हा तो डेहराडूनला होता. त्याला मुलगी झाली आणि बाळाला पाहायला मी, माझी आई आणि माझी भाची अशा तिघीजणी नांदेडहून निघालो. भाची नाताळच्या सुट्टीत आजोळी आली होती, म्हणून तीही बरोबर.

आमची गाडी दुपारीच दिल्लीत पोहोचायची होती. पण वाटेत भेटलं धुकं! हिवाळ्यात उत्तरेकडच्या मैदानात रात्री लांब आणि थंड असतात. वारा पडलेला असतो. ओल्या शेतांवरची दमट हवा गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब जमिनीलगतच तरंगत राहतात. मग ड्रायव्हरला सिग्नलसुद्धा लवकर दिसत नाही, आणि गाडी चालते मुंगीच्या पावलांनी. नवी दिल्ली स्टेशनात उतरलो तेव्हा पाच वाजले होते.

स्टेशनातच राहण्यासाठी खोल्या असतात. सगळे त्यांना रिटायरिंग रूम म्हणतात. पुढचं तिकीट असलं की ती खोली आधी ठरवून ठेवता येते. तशी आम्ही ठेवली होती. सामान ठेवलं, हातपाय धुतले. आईने लगेच फडकं सोडलं. आत दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी.

"मावशी, परत धपाटे?" भाचीने तोंड वाकडं केलं. कालपासून तेच चाललं होतं, तिचंही खरंच होतं म्हणा.

मी म्हटलं, "चला, आज दिल्लीत जेवू."

आई एकदम दचकली. "रातच्याला? कुठं जाऊलालीस गं? माणसं कशी, गल्ल्या कशा, काही ठावं हाय का? गाडी चुकली म्हंजे?"

भाची म्हणाली, "आजी, हळू बोल ना. जाऊलालीस काय म्हणतेस? लोक हसतात."

मी भाचीकडे पाहतच राहिले. त्याचं कारण तुम्हाला सांगायला हवं. वर्षभरापूर्वी तिच्या बाबांची बदली पुण्याला झाली. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात ती मैत्रिणीला म्हणाली, "तू काय करूलालीस?" सगळा वर्ग हसला. नांदेडकडे आम्ही असंच बोलतो, बरं का. करूलालीस म्हणजे करते आहेस. पण त्या दिवसापासून या पोरीने तो शब्दच टाकून दिला. कुणी विचारलं की सांगायची, "मी पुण्याची." नांदेडचं नावसुद्धा घ्यायची नाही. तिच्या आईने मला हे फोनवर सांगितलं होतं. पण आजीचं बोलणंही तिला लाजिरवाणं वाटतं, हे मला त्या खोलीत कळलं. काही बोलले नाही. काय बोलावं ते सुचलंच नाही.

आता आपलं गणित.

अशा वेळी नेहमी उलटं मोजायचं. कुठे जायचं हे आधी ठरवायचं नाही, परत कधी यायचं हे आधी ठरवायचं! सकाळी पावणेसातची गाडी, म्हणजे सव्वासहाला फलाटावर. म्हणजे पावणेपाचला उठायचं. म्हणजे दहाला झोपायचं. म्हणजे साडेनऊला खोलीत परत. आम्ही तयार होऊन निघणार सव्वासहाला. हाती राहिले सव्वातीन तास. जाण्यायेण्याचा एक तास वजा केला. उरले सव्वादोन तास. झालं की उत्तर!

हे मी आईला कागदावर मांडून दाखवलं. वेळा पाहिल्यावर तिची भीती निम्मी झाली. उरलेल्या निम्म्यासाठी मी तीन चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकीवर स्टेशनाचं नाव, खोलीचा नंबर आणि माझा फोन नंबर. एक आईच्या कमरेच्या पिशवीत, एक भाचीच्या खिशात, एक माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. तिकिटं आणि जास्तीचे पैसे बॅगेत कुलपात. जवळ फक्त लागतील तेवढे. आणि एक नियम: आज एकच ठिकाण. चार ठिकाणं पाहायला गेलं की चारही धड होत नाहीत.

ठिकाण ठरलं चांदणी चौक. भाचीला तिथल्या पराठेवाली गलीतले पराठे खायचे होते. निघताना आईने धपाट्यांचं फडकं हळूच पिशवीत टाकलंच. म्हणाली, "असू दे. अन्न जवळ असावं माणसाच्या."

स्टेशनाच्या अजमेरी गेटकडच्या बाजूला मेट्रो आहे. आत जाताना पिशव्या यंत्रातून तपासतात. आईचे धपाटेही तपासून निघाले! तिथून चांदणी चौक दुसरंच स्टेशन. मधे फक्त चावडी बाजार. पण हा छोटासा प्रवास साधा नाही हं. वर शेकडो वर्षांची जुनी घरं आणि गल्ल्या आहेत. त्यांना धक्का न लावता जमिनीच्या पोटातून यंत्राने बोगदा खणला. २००५ मध्ये हा मार्ग सुरू झाला. चावडी बाजार तर दिल्ली मेट्रोच्या सर्वांत खोल स्टेशनांपैकी एक. सरकत्या जिन्यावर आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

वर आलो, एक चिंचोळी गल्ली ओलांडली आणि समोर लखलखाट!

मित्रांनो, चांदणी चौक हे नाव कसं पडलं, ठाऊक आहे? बादशहा शाहजहानने इथे शाहजहानाबाद नावाचं नवं शहर वसवलं. त्याची मुलगी जहाँआरा हिने १६५० च्या सुमारास हा बाजार आखला. रस्त्याच्या मधोमध कालवा होता आणि चौकात हौद. रात्री त्या पाण्यात चांदणं पडायचं, म्हणून चांदणी चौक. आज तो कालवाही नाही आणि हौदही नाही. २०२१ मध्ये या रस्त्याचं नवं रूप लोकांसाठी खुलं झालं, आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना मनाई करण्यात आली. पायांखाली लाल फरशी, कडेला सायकलरिक्षा आणि माणसांचा पूर.

लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत हा रस्ता सव्वा किलोमीटरच्या आसपास. पण तेवढ्यात काय काय आहे पाहा! जैनांचं लाल मंदिर, आणि त्याच्या आवारात चक्क पक्ष्यांचा दवाखाना. शेजारी गौरीशंकराचं देऊळ. ते आप्पा गंगाधर नावाच्या मराठा सरदाराने बांधलं असं सांगतात. पुढे गुरुद्वारा, त्याला लागून सुनहरी मशीद, आणि याच रस्त्यावर ख्रिस्ती लोकांचं चर्चसुद्धा.

पराठेवाली गली शोधत गेलो. तुपाचा खमंग वास आला, पण अरे देवा! गल्लीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. तिथली जुनी दुकानं दीडशे वर्षांच्या आसपासची. लोखंडी कढईत तुपात तळून पराठे काढतात. पण प्रत्येक दुकानासमोर ही गर्दी! आईला उभं राहणं जमेना. भाचीचा चेहरा पडला. मी घड्याळ पाहिलं. सव्वादोन तासांतली पंचवीस मिनिटं संपली होती.

एवढ्यात आईच म्हणाली, "ते काय गं तिकडं? सोन्याचे कळस? आपल्या गुरुद्वाऱ्यासारखंच हाय की!"

तो होता गुरुद्वारा शीशगंज साहिब.

खरं सांगते, मी शिक्षिका असून मला हे तोवर सुचलंच नव्हतं. आमच्या नांदेडला गोदावरीकाठी हजूर साहिब आहे, शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये तिथेच गेले. आपल्यामागे ग्रंथालाच गुरू माना, असं त्यांनी नांदेडलाच सांगितलं. आणि या गोविंदसिंगांचे वडील, नववे गुरू तेगबहादूर, यांचा शिरच्छेद १६७५ मध्ये औरंगजेबाच्या हुकुमावरून दिल्लीत झाला, तो इथेच! शीश म्हणजे मस्तक, म्हणून शीशगंज.

शीख परंपरा सांगते की काश्मिरातल्या पंडितांवर धर्म बदलण्याची सक्ती होत होती. ते मदत मागायला गुरूंकडे आले. गुरूंनी दुसऱ्याच्या धर्मासाठी स्वतःचा प्राण पणाला लावला. तेव्हा मुलगा गोविंद जेमतेम नऊ वर्षांचा होता, म्हणजे तुमच्यातल्या चौथीतल्या मुलाएवढा! पुढे १७८३ मध्ये सरदार बघेलसिंग दिल्लीत आले, तेव्हा त्यांनी ही जागा शोधून तिथे गुरुद्वारा उभा केला. २०२५ मध्ये या बलिदानाला साडेतीनशे वर्षं झाली.

वडिलांचा शेवट दिल्लीत, मुलाचा नांदेडात. आम्ही या टोकाहून त्या टोकाला येऊन उभ्या होतो, आणि शोधत होतो पराठे!

जोडाघरात चपला दिल्या. डोक्यावर पदर, ओढणी घेतली. दारातल्या पाण्यात पाय धुतले आणि दर्शन घेऊन लंगरमध्ये गेलो. लांबच लांब पट्ट्या अंथरलेल्या. त्यावर माणसं ओळीने मांडी घालून बसलेली. माझ्या शेजारी भाची, तिच्या पलीकडे एक म्हाताऱ्या शीख बाई. समोर एक हमाल. त्याच्या बाजूला सुटाबुटातले एक गृहस्थ. लंगरमध्ये मानाचं पान नसतं. सगळे जमिनीवर, सगळ्यांना तेच जेवण. ही प्रथा पहिले गुरू नानक यांच्यापासूनची. तिसरे गुरू अमरदास तर सांगत, आधी पंगतीत बसा, मग मला भेटा.

"मावशी, पंजाबीत पण पंगतच म्हणतात?" भाचीने कुजबुजत विचारलं. बघा, रुसवा जरा सैल झाला होता.

वाढपी आले. "परशादा जी, परशादा!" इथे पोळीला परशादा म्हणतात. ती ताटात टाकत नाहीत. दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घ्यायची असते. डाळ, भाजी, गरम पोळी आणि खीर. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "वरण बेस हाय."

तेवढ्यात शेजारच्या बाईंनी भाचीला विचारलं, "बेटा, कहाँ से आए हो?"

भाची पटकन म्हणाली, "पुणे से."

आईने मान पुढे काढली. तिला हिंदी बेताचीच येते. "नाही नाही, हम नांदेड के हैं. नांदेड!"

भाचीने मान खाली घातली. पण त्या बाईंचा हात घासासकट तिथेच थांबला. "नांदेड? हजूर साहिब?" त्यांनी घास ताटात ठेवला आणि आमच्यापुढे हात जोडले. मग पलीकडच्या बाईला सांगितलं, तिने तिच्या पलीकडे. पाहता पाहता आमची ओळ आमच्याकडे वळून बघू लागली. एक आजोबा म्हणाले, २००८ मध्ये तीनशे वर्षांचा सोहळा झाला तेव्हा मी येऊन गेलो. पण या बाईंना काही अजून जमलं नव्हतं. कित्येक वर्षं मनात आहे, म्हणाल्या. आधी पैसे नव्हते, आता पाय नाहीत. आणि भाचीला विचारलं, "तूने गोदावरी देखी है, पुत्तर?"

भाची माझ्याकडे बघायला लागली. मी मुद्दामच गप्प बसले.

मग ती बोलू लागली. आधी हळू, अडखळत. आजीचं घर नदीपासून जवळच आहे. हजूर साहिबसाठी रोज पहाटे अंधारात गोदावरीचं पाणी घागरीतून नेतात. एकदा आजोबांनी तिला उठवून ते पाहायला नेलं होतं. पुढे घागर घेतलेले सेवेकरी, आणि मागे गारठलेली ती आजोबांच्या शालीत. हिंदी शब्द सापडला नाही की मराठी घालायची. मधेच म्हणून गेली, "वो पानी लेके जाऊलाले थे ना..."

आणि थबकली. कुणी हसलं नाही. हसणार कोण? त्या बाई ऐकता ऐकता डोळे पुसत होत्या. "और बता," म्हणाल्या.

बालमित्रांनो, मी बारा वर्षं शिकवते आहे. मातृभाषेची लाज बाळगू नका, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! पण ते वाक्य जे करू शकलं नाही, ते त्या दोन शब्दांनी केलं. "और बता."

जेवण झाल्यावर त्या बाई भाचीला भांडी घासायच्या ठिकाणी घेऊन गेल्या. तिथे सगळे आपखुशीने काम करतात, त्याला सेवा म्हणतात. दहा मिनिटं ही पोरगी ताटं धूत होती. घरी स्वतःचा कपही न विसळणारी! तिची आई पाहती तर चक्कर येऊन पडली असती.

बाहेर जोडाघरापाशी आईने पिशवीतून धपाट्यांचं फडकं काढलं आणि बाईंच्या हातात ठेवलं. त्यांनी ते कपाळाला लावलं, "हजूर साहिब का प्रशाद!"

आई घाबरून म्हणाली, "अहो नाही, प्रशाद नाही! हमारे घर का है. ज्वारी का!" पण त्या कुठल्या ऐकतात! धपाटे ओढणीच्या टोकात बांधून गेल्यासुद्धा.

आठ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दरिब्याच्या कोपऱ्यावर जिलेबीचं एक दुकान आहे, १८८४ पासूनचं. जिलेबी आपल्यापेक्षा चांगली जाड, तुपात तळलेली. तीन जिलेब्या घेतल्या, उभ्यानेच खाल्ल्या आणि मेट्रो गाठली. खोलीचं कुलूप उघडलं तेव्हा नऊ वाजून सत्तावीस मिनिटं. गणित बरोबर आलं, तीन मिनिटं शिल्लक!

दुसऱ्या दिवशी डेहराडूनच्या गाडीत समोरच्या काकूंनी विचारलं, "बेटा, कहाँ से?" आई तोंड उघडणार, तोच भाची म्हणाली, "नांदेड से. गोदावरी के किनारे है." मग जरा थांबून, "पढ़ती पुणे में हूँ." दोन्ही खरं होतं. दोन्ही सांगितलं.

पालकहो, मुलांबरोबर प्रवासात असा मधला वेळ मिळाला तर तो सगळाच बाकावर पेंगत घालवू नका. अनोळखी शहराची काळजी वाटणारच, वाटायलाही हवी. पण काळजीला घड्याळ आणि कागद दिला की तिची योजना होते. परतीची वेळ आधी ठरवा, सामान कुलपात ठेवा, प्रत्येकाच्या खिशात पत्ता द्या, ठिकाण एकच निवडा. आणि रांग मोठी असली तर हट्ट सोडा. आमचे पराठे राहिले, तेव्हाच तर पंगत मिळाली!

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी गृहपाठ. आजच आजीला, आजोबांना किंवा शेजारच्या काकांना विचारा, "आपल्या गावाचं नाव काढलं की दूरचं कोण माणूस हात जोडेल?" एखाद्या गावी संत होऊन गेले असतील, कुठे नदीचा उगम असेल, कुठली केळी, संत्री नाहीतर हातमागाच्या साड्या देशभर जात असतील. काही ना काही निघतंच. ते आपल्या घरच्या बोलीत, जशी आजी बोलते अगदी तसंच, पाच ओळींत वहीत लिहून ठेवा. कधीतरी, कुठल्यातरी पंगतीत शेजारचं माणूस विचारील, "कहाँ से आए हो?" तेव्हा उत्तर तयार हवं ना?

मग, काय करूलालाव? घ्या की वही!